हातात मावणारे नवे उपकरण रोज सोबत बाळगावे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुस्तके वाचायचा ई-रीडर, हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल, खिशातला कॅमेरा, व्हॉइस रेकॉर्डर, नकाशासाठीचे जीपीएस यंत्र किंवा अलीकडे निघालेली, बोलून चालणारी एआय-उपकरणे, यांपैकी काही घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. फोनचा विचार येथे स्वतंत्रपणे केलेला नाही, कारण तो बहुतेकांच्या खिशात आधीपासूनच असतो आणि खरा प्रश्न नेहमी ‘फोन आहेच, शिवाय हेही घ्यायचे का’ असाच असतो.

उपकरण चांगले आहे आणि त्याची परीक्षणेही उत्तम आहेत. मग ते रोज जवळ ठेवावे की नाही, हा वेगळा प्रश्न का मानावा?

उपकरणाचे पैसे एकदाच मोजावे लागतात, परंतु ते बाळगण्याची किंमत रोज द्यावी लागते. निघताना ते आठवणीने उचलायचे, रात्री चार्जिंगला लावायचे, बसताना-उठताना त्यावर भार पडणार नाही हे पाहायचे, कुठेतरी राहून गेले की काय म्हणून मधूनच बॅग चाचपायची. यांतले प्रत्येक काम क्षुल्लक असले तरी ते दररोज आणि न चुकता करावे लागते, आणि त्या मोबदल्यात उपकरणाने दिवसातून निदान एकदा तरी असे काही करून दाखवले पाहिजे, जे त्याच्याविना झाले नसते किंवा नीट झाले नसते. परीक्षण लिहिणारी व्यक्ती सहसा पडद्याची चमक, प्रोसेसरचा वेग आणि चित्रांचा दर्जा तपासते. त्यात काही गैर नाही. पण घाईच्या सकाळी तुमचा हात त्या उपकरणाकडे जाईल का, हे त्या तपासणीतून कळत नाही. म्हणून ‘विकत घेण्याजोगे’ आणि ‘बाळगण्याजोगे’ असे दोन वेगळे निकाल द्यावेत. पहिल्यात उत्तीर्ण होणारी पुष्कळ उपकरणे दुसऱ्यात नापास होतात आणि तरीही ती वाईट नसतात.

फोन जवळजवळ सगळेच करतो. मग दुसरे उपकरण बाळगण्याला काही अर्थ उरतो का?

ज्या कामात फोन ‘चालून जाण्याइतका’ चांगला असतो, त्या कामासाठी वेगळे उपकरण फार काळ बाळगले जात नाही. फ्लिप नावाचा खिशातला व्हिडिओ कॅमेरा वापरायला इतका सोपा होता की मधले लाल बटण दाबले की चित्रण सुरू होई आणि कडेतून बाहेर येणारा यूएसबी प्लग थेट संगणकाला जोडता येई. तो बनवणारी कंपनी सिस्को या नेटवर्क-यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीने २००९ मध्ये सुमारे ५९ कोटी डॉलरला विकत घेतली आणि एप्रिल २०११ मध्ये तो व्यवसायच गुंडाळला. दरम्यान कॅमेरा काही वाईट झालेला नव्हता. फोन बऱ्यापैकी व्हिडिओ घेऊ लागले होते, एवढेच. आयपॉडची घसरण संथ होती, पण ती त्याच दिशेने झाली: २००१ मध्ये आलेल्या या मालिकेतले अखेरचे मॉडेल २०२२ मध्ये बंद झाले, तोपर्यंत गाणी कधीच फोनमध्ये जाऊन बसली होती.

तरीही काही जागा फोनला भरता आलेल्या नाहीत. ई-रीडरचा ई-इंक पडदा कागदासारखा बाहेरच्या उजेडावर दिसतो, त्यामुळे रणरणत्या उन्हात तो अधिकच स्पष्ट होतो, तर त्याच उन्हात फोनची चमक पूर्ण वाढवूनही डोळे बारीक करावे लागतात. खऱ्या कळा बोटांना न पाहता सापडतात. धावता-उड्या मारता खेळायच्या गेममध्ये काचेवर काढलेल्या कळा त्याची बरोबरी करू शकत नाहीत आणि बोटांखाली अर्धे चित्रही झाकतात. मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या मोठ्या पट्टीच्या कॅमेऱ्याचेही तसेच आहे. रिको जीआर ३ हा कॅमेरा बॅटरीसह २५७ ग्रॅमचा असून त्यात मोठ्या डीएसएलआर कॅमेऱ्यांमध्ये असतो तेवढा, म्हणजे साधारण २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचा सेन्सर आहे. कमी उजेडात त्याने टिपलेले चित्र आणि फोनने गणिते करून जुळवलेले चित्र शेजारी ठेवले, तर केसांच्या आणि पानांच्या कडांपाशी फरक दिसतो.

आणखी एक फायदा सांगितला जातो, तो म्हणजे ही उपकरणे वाजत नाहीत, निरोप दाखवत नाहीत, लक्ष वेधत नाहीत. तो खरा आहे, पण त्याला एक अट आहे. ई-रीडर मांडीवर आणि फोन हातात अशी स्थिती असेल, तर हा फायदा कागदावरच राहतो. एकाग्रतेसाठी उपकरण घेणाऱ्याने फोन बॅगेच्या तळाशी ठेवण्याची तयारी आहे का, हे आधी स्वतःला विचारावे. ती तयारी असेल तर नवे उपकरण न घेताही बरेचसे काम भागते.

विकत घेण्यापूर्वीच ते बाळगले जाईल की नाही, याचा अंदाज बांधता येतो का?

बऱ्याच अंशी येतो, आणि त्याची उत्तम रीत एका उपकरणाच्या निर्मात्यानेच घालून दिलेली आहे. १९९६ मध्ये ‘पायलट’ नावाने बाजारात आलेल्या पामपायलट या हस्तसंगणकाचा आराखडा ठरवताना जेफ हॉकिन्स यांनी नियोजित आकाराचा एक लाकडी ठोकळा तयार करून घेतला आणि ते तो शर्टाच्या खिशात घालून वावरू लागले. कुणी भेटीची वेळ विचारली की ते ठोकळा काढत आणि त्यावर तारीख पाहत असल्याचे सोंग करत. कोणते काम वरचेवर पडते, आकार खिशाला कुठे बोचतो, किती कळा पुरतात, हे सगळे त्या निर्जीव तुकड्यावरून ठरले. त्याआधी १९९३ मध्ये आलेल्या अ‍ॅपलच्या न्यूटनकडे कितीतरी अधिक क्षमता होती, परंतु तो खिशात मावत नव्हता आणि १९९८ मध्ये बंद झाला. आकार हे त्यामागचे एकमेव कारण नव्हते, हे मान्य करूनही दोन्हींतला फरक बोलका आहे.

हीच युक्ती ग्राहकालाही वापरता येते. उपकरणाची लांबी, रुंदी, जाडी आणि वजन कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेले असते. तेवढ्या मापाची एखादी वही, जुना फोन किंवा पुठ्ठ्यात बांधलेले पुस्तक घेऊन आठवडाभर ते सोबत न्यावे आणि जेव्हा जेव्हा खरे उपकरण वापरण्याची इच्छा झाली असती, तेव्हा ते बाहेर काढावे. पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर ठोकळा घरीच राहू लागला, तर उत्तर मिळाले असे समजावे. हे करताना हसू येते हे खरे. पण महागडे यंत्र कपाटात पडून राहण्यापेक्षा हे हसू परवडते.

दुकानात उपकरण हाताळताना नेमके काय पाहावे?

पडदा पाहू नये, असे म्हणावेसे वाटते, कारण दुकानातल्या उजेडात प्रत्येक पडदा छानच दिसतो. त्याऐवजी ‘वापरावेसे वाटले’ आणि ‘वापरायला सुरुवात झाली’ या दोन क्षणांमधले अंतर मोजावे. गर्दीच्या गाडीत उभे असताना एक हात वरच्या कडीत अडकलेला असतो. दुसऱ्या हाताने बॅगेची चेन उघडायची, उपकरण चाचपून बाहेर काढायचे, चुंबकाने चिकटलेले कव्हर अंगठ्याने उचकटून मागे दुमडायचे, खालच्या कडेला असलेले पॉवरचे बटण करंगळीने शोधायचे आणि तेवढ्यात गाडी वळली तर हे सगळे निसटू द्यायचे नाही. कागदावर ही एक कृती वाटते, प्रत्यक्षात त्या पाच आहेत. ज्या ई-रीडरला कडेने पान उलटण्याच्या खऱ्या कळा असतात, तो अशा वेळी एकाच हाताने वाचता येतो; ज्याला नसतात, त्याच्या पडद्यावर अंगठा नेताना पकड सैल करावी लागते. म्हणून दुकानात मुद्दाम एकच हात वापरून पाहावा.

या बाबतीत व्हॉइस रेकॉर्डर अजूनही फोनला मागे टाकतो. चांगल्या रेकॉर्डरच्या कडेला सरकती कळ असते. खिशातच अंगठ्याने ती पुढे ढकलली की खट्ट असा हलका स्पर्श जाणवतो, बोटांच्या फटीतून लाल दिवा दिसतो आणि ध्वनिमुद्रण चालू झालेले असते. फोनवर हेच करायचे तर कुलूप उघडायचे, अ‍ॅप शोधायचे, बटण दाबायचे, आणि एवढ्यात समोरच्याचे वाक्य संपलेले असते. ज्यांना रोज मुलाखती किंवा नोंदी घ्याव्या लागतात, त्यांच्यासाठी एवढे एक कारण रेकॉर्डर बाळगायला पुरेसे आहे. ज्यांना महिन्यातून एखादे वेळी लागते, त्यांच्यासाठी नाही.

किती वजनापर्यंत रोज बाळगणे सोसवते?

प्रत्येकाचे उत्तर वेगळे असेल, पण तुलनेसाठी काही आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला आयपॉड १८४ ग्रॅमचा होता आणि २००७ चा पहिला आयफोन १३५ ग्रॅमचा. त्याच वर्षी आलेला पहिला किंडल हा ई-रीडर २९२ ग्रॅमचा होता, तर २०२२ चे साधे मॉडेल १५८ ग्रॅमवर आले. म्हणजे ई-रीडर हलके होत गेले. गेमिंग कन्सोलचा प्रवास नेमका उलट झाला. निन्टेंडो स्विच २०१७ मध्ये दोन्ही कंट्रोलरसह सुमारे ४०० ग्रॅमचा होता, आणि २०२२ मध्ये आलेला स्टीम डेक सुमारे ६६९ ग्रॅमचा आहे. आजचे मोठे फोन २०० ग्रॅमच्या पुढे गेले आहेत, तेव्हा स्टीम डेक नेणे म्हणजे बॅगेत आणखी तीन फोन नेणे होय.

मात्र फसवणूक होते ती निव्वळ यंत्राचे वजन पाहिल्यामुळे. कडक कव्हर, चार्जर, केबल आणि वेळेला असावी म्हणून घेतलेली पॉवर बँक हे सगळे त्याच उपकरणाच्या खात्यावर टाकले पाहिजे. ज्या यंत्राला दिवसभरात पुन्हा चार्ज करावे लागत नाही, त्याचे छापील वजन आणि खरे वजन जवळजवळ सारखे असते, तर ज्याला लागते त्याचे सहज दीडपट होते. माझ्या मते अडीचशे ग्रॅमच्या आतले उपकरण सवयीने विसरले जाते, चारशेच्या पुढचे रोज जाणवते, आणि मधल्या पट्ट्यात त्याचा उपयोग किती वेळा होतो यावर सगळे अवलंबून असते.

खिशात ठेवावे की बॅगेत?

जे खिशात मावते ते वापरले जाते आणि जे बॅगेत जाते ते विसरले जाते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. खिशासाठी वजनापेक्षा जाडी महत्त्वाची ठरते. रोज बॅग नेणारे आणि रिकाम्या हाताने बाहेर पडणारे यांना एकच सल्ला लागू पडत नाही. दुसऱ्या गटातल्यांनी खिशात न मावणाऱ्या कोणत्याही उपकरणाचा रोजच्या वापरासाठी विचारच करू नये.

कंपनी सांगते तितकी बॅटरी खरोखर चालते का?

कंपनीचा आकडा सहसा सोयीच्या परिस्थितीत मोजलेला असतो, त्यामुळे तो वरची मर्यादा समजावी. स्टीम डेकच्या पहिल्या आवृत्तीसाठी दोन ते आठ तास असा अंदाज कंपनीनेच दिला आहे, आणि ही तफावत प्रामाणिकपणाची आहे. त्याच्या बॅटरीत ४० वॉट-तास ऊर्जा मावते. जड गेम चालू असताना यंत्राने २० वॉट खेचले तर दोन तासांत ती संपणार, आणि हलक्या गेमने ५ वॉट खेचले तर आठ तास पुरणार. हा भागाकार कोणत्याही उपकरणाला लावता येतो. त्यासाठी आकडा वॉट-तासांत हवा. मिलीअँपिअर-तासांचे आकडे वेगवेगळ्या व्होल्टेजचे असतील तर त्यांची तुलना करणे चुकीचे ठरते. उदाहरणार्थ, ३.७ व्होल्टची १०,००० मिलीअँपिअर-तासांची पॉवर बँक ३७ वॉट-तासांची असते, आणि त्यातलाही काही भाग व्होल्टेज बदलताना उष्णतेत वाया जातो.

बॅटरी हा बाळगण्याच्या निर्णयातला सर्वांत वजनदार मुद्दा आहे, असे मला वाटते, आणि त्याचा पुरावा जुना आहे. निन्टेंडोचा गेम बॉय १९८९ मध्ये आला तेव्हा त्याचा पडदा हिरवट, रंगहीन आणि स्वतःचा प्रकाश नसलेला होता. पुढच्याच वर्षी आलेल्या सेगाच्या गेम गिअरला रंगीत आणि प्रकाशमान पडदा होता. शेजारी ठेवले तर कुणीही दुसराच उचलला असता. परंतु गेम गिअर सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत संपवत असे, तर गेम बॉय चार सेलवर त्याच्या कित्येक पट चालत असे. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटींहून अधिक विकले गेले. गेम गिअर एक कोटीच्या आसपास राहिला. स्वस्त किंमत आणि गेमची निवड हीही कारणे होती, पण सेल संपलेल्या रंगीत पडद्यापेक्षा चालू असलेला हिरवा पडदा बरा, हे मुलांनाही कळत होते.

ई-इंक या गणितातून जवळजवळ सुटतो, कारण त्याच्या पडद्यावरचे चित्र टिकवायला वीज लागत नाही. पान बदलतानाच ती खर्च होते. त्यामुळे दिवा आणि वाय-फाय बंद ठेवले तर चार्जिंगचा हिशेब दिवसांऐवजी आठवड्यांत होतो. जे उपकरण रात्री चार्ज करायला विसरले तरी सकाळी चालते, ते बाळगणे सोपे जाते.

वेगळ्या चार्जरचा मुद्दा अजून शिल्लक आहे का?

नव्या उपकरणांपुरता तो बराच मिटला आहे. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकले जाणारे नवे फोन, टॅब्लेट, कॅमेरे, ई-रीडर, हेडफोन आणि हातातले गेमिंग कन्सोल केबलने चार्ज होत असतील तर त्यांना यूएसबी टाइप-सी असणे बंधनकारक झाले, आणि उत्पादक प्रत्येक बाजारपेठेसाठी वेगळे खोबण सहसा बनवत नाहीत. तरीही जुने किंवा वापरलेले उपकरण घेताना खाली पाहावे. मायक्रो-यूएसबी असेल तर एक जादा केबल कायमची गळ्यात पडते.

बॅटरी किती वर्षे टिकेल, आणि ती बदलता येते का?

लिथियम-आयन बॅटरी ‘सायकल’च्या हिशेबाने झिजते. एक पूर्ण सायकल म्हणजे शंभर टक्के ऊर्जा वापरणे, मग ती एका बैठकीत वापरा किंवा चार दिवसांत. अनेक उपकरणांसाठी सुमारे पाचशे सायकलींनंतर क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास उतरते, असा ढोबळ हिशेब धरतात. अलीकडच्या काही बॅटऱ्या त्याच्या दुप्पट टिकतात. यावरून रोज रिकामी होणारी बॅटरी दीड-दोन वर्षांत जाणवण्याइतकी थकते, तर आठवड्यातून एकदा चार्ज होणारी झिजण्याऐवजी वयानेच म्हातारी होते. उष्णता हा तिचा सर्वांत मोठा शत्रू असल्यामुळे उन्हात उभ्या केलेल्या गाडीत उपकरण ठेवून जाऊ नये.

बॅटरी स्वतः बदलता येणारी उपकरणे कमी झाली आहेत. कॅमेऱ्यांत ती सोय टिकून आहे, रेकॉर्डर व जीपीएस यंत्रांत अजूनही काही मॉडेल साध्या सेलवर चालतात. युरोपीय संघाने १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला काढता-बदलता यावी असा नियम काही अपवादांसह केला आहे, त्यामुळे चित्र बदलण्याची आशा आहे. जे यंत्र रोज बाळगायचे आणि रोज चार्ज करायचे, त्याची बॅटरी चिकटवलेली असेल तर ती बदलून देणारे कुणी आहे का, हे घेण्यापूर्वीच विचारावे.

पाणी, धूळ आणि पडणे यांची काळजी किती करावी?

यंत्र धूळ-पाणी किती रोखते हे सांगणारा, ‘आयपी’ने सुरू होणारा आकडा पाहावा. आयपी६७ यातला ६ म्हणजे धुळीपासून पूर्ण बचाव, आणि ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. ही चाचणी नव्या यंत्रावर आणि स्वच्छ, गोड्या पाण्यात होते. साबणाचे पाणी, समुद्राचे पाणी आणि दोन वर्षांत सैल झालेली रबरी पट्टी यांची हमी त्यात नसते. बहुतेक गेमिंग कन्सोलना आणि पुष्कळ छोट्या कॅमेऱ्यांना असा कोणताही आकडा नसतो, तेव्हा पावसाळी दिवसांत त्यांच्यासाठी घट्ट बंद होणारी पिशवी हवीच. पडण्याबाबत एकच सांगता येईल: ज्या यंत्रासाठी तुम्ही सतत जीव मुठीत धरून राहता, ते बाहेर काढण्याची वेळ हळूहळू कमी होत जाते आणि शेवटी ते सुरक्षित राहावे म्हणून घरीच राहते.

उपकरण इंटरनेटवर किंवा कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असेल तर काय?

तर तुम्ही विकत घेतलेले यंत्र कंपनीच्या मर्जीवर चालते, हे ध्यानात ठेवून निर्णय घ्यावा. ह्युमेन या कंपनीचा एआय पिन एप्रिल २०२४ मध्ये ग्राहकांच्या हाती पडू लागला. छातीवर लावायचे हे यंत्र फोनची गरज कमी करील असा दावा होता. यंत्राच्या किमतीशिवाय दरमहा वर्गणीही होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीच्या मालमत्तेचा मोठा भाग एचपीने ११.६ कोटी डॉलरला घेतला आणि २८ फेब्रुवारीला सर्व्हर बंद झाले. त्यानंतर उरलेले उपयोग म्हणजे बॅटरी किती शिल्लक आहे हे पाहण्यासारखे होते. ग्राहकांना हे कळल्यापासून सर्व्हर बंद होईपर्यंत दोन आठवडेही मिळाले नाहीत.

हे केवळ नवख्या कंपन्यांचेच होते असे नाही. ब्लॅकबेरीने ४ जानेवारी २०२२ रोजी आपल्या जुन्या कार्यप्रणालींसाठीच्या सेवा थांबवल्या, तेव्हा त्या फोनवर कॉल आणि संदेशही भरवशाचे राहिले नाहीत. म्हणून घेण्यापूर्वी एक प्रयोग करावा, आणि आधीच घेतले असेल तर लगेच करावा: वाय-फाय आणि मोबाइल डेटा बंद करून उपकरण सुरू करावे आणि जे काम करण्यासाठी ते घेतले तेच करून पाहावे. कॅमेरा छायाचित्र काढतो, ई-रीडर उतरवून घेतलेली पुस्तके उघडतो, कन्सोल कार्ट्रिजवरचा गेम चालवतो. जे उपकरण या अवस्थेत नुसतेच क्षमा मागते, ते जिथे नेटवर्क नाही तिथे ओझे आहे आणि कंपनी बुडाली तर सगळीकडेच.

मग एआय-उपकरणे बाळगण्याजोगी नाहीत, असे समजावे का?

आजच्या घडीला माझे उत्तर ‘बहुधा नाहीत’ असे आहे. त्यांचे बोलणे-ऐकणे आणि शोधणे फोनवरच्या अ‍ॅपमध्ये तितक्याच चांगल्या रीतीने होते, आणि वर सांगितलेले फ्लिपचे उदाहरण येथे जसेच्या तसे लागू पडते. शिवाय सतत ऐकणारे यंत्र अंगावर लावून इतरांमध्ये वावरताना त्यांची परवानगी घेण्याचा प्रश्न येतो, आणि तो रोज नव्याने येतो. ज्यांना दृष्टीच्या किंवा हातांच्या अडचणीमुळे फोन वापरणे कठीण जाते, त्यांच्या बाबतीत मात्र हिशेब वेगळा आहे. तेथे बोलून चालणारे छोटे यंत्र खरोखर उपयोगी पडू शकते आणि त्याचा निर्णय त्यांनी स्वतः हाताळूनच करावा.

घेतल्यावर किती काळाने निर्णय करावा आणि कशावरून?

नव्याचे नऊ दिवस या उपकरणांइतके क्वचितच कुठे खरे ठरत असतील. सुरुवातीला माणूस उपकरण वापरण्यासाठी निमित्त शोधतो, तेव्हा त्या काळातल्या वापरावरून काहीच ठरवू नये. परत करण्याची मुदत किती आहे हे पाहून तिच्या शेवटच्या काही दिवसांकडे लक्ष द्यावे. किती वेळ वापरले यापेक्षा एक वेगळी खूण अधिक भरवशाची आहे: उपकरण बॅगेत असूनही तेच काम तुम्ही फोनवर किती वेळा केले? पुस्तक ई-रीडरवर अर्धे राहिले असताना पुढचे प्रकरण फोनवर वाचले, कॅमेरा खांद्यावर असताना छायाचित्र फोनने काढले, असे वारंवार होत असेल, तर हाताने निर्णय केव्हाच करून टाकलेला आहे. त्यामागे एखादे दुरुस्त होण्याजोगे कारण आहे का, हे एकदा पाहावे. पुष्कळदा ते कॅमेऱ्यातून फोनवर छायाचित्रे नेण्याच्या कंटाळ्यासारखे असते, किंवा नको तितक्या जड कव्हरसारखे. कव्हर काढून टाकल्यावर बाळगले जाऊ लागलेले ई-रीडर थोडेथोडके नाहीत.

याच्या उलट खूणही असते. उपकरण घरी राहिले त्या दिवशी त्याची उणीव कामात भासली, नुसती आठवण झाली नाही, तर ते ठेवावे.

विमानाने जाताना काही निर्बंध आहेत का?

लिथियम बॅटरी असलेले उपकरण शक्यतो हातातल्या सामानात ठेवावे. सुटी बॅटरी आणि पॉवर बँक तर चेक-इन सामानात चालतच नाही. सर्वसाधारणपणे १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही, आणि येथे चर्चिलेली उपकरणे त्याच्या पुष्कळ आत असतात. विमानात पॉवर बँक वापरण्याबाबत मात्र काही कंपन्यांनी अलीकडे अधिक कडक नियम केले आहेत, म्हणून तिकिटासोबतच्या सूचना वाचाव्यात.

उपकरण हरवले तर?

फोनइतके लक्ष आपण दुसऱ्या उपकरणाकडे देत नाही, म्हणून तेच आधी हरवते. त्यावर कोणते खाते उघडे राहते हे पाहावे. पिन नसलेल्या ई-रीडरवरून सापडणाऱ्याला पुस्तके खरेदी करता येऊ शकतात, आणि रेकॉर्डरला तर बहुधा कुलूपच नसते, त्यामुळे त्यातले मुद्रण रोज उतरवून घेऊन पुसण्याची सवय असावी.

रोज बाळगण्याजोगे नाही असे ठरले, तर त्याचे काय करावे?

‘रोज नाही’ याचा अर्थ ‘कधीच नाही’ असा होत नाही. लांबच्या प्रवासापुरता कन्सोल, डोंगरात जाताना जीपीएस यंत्र, समारंभासाठी कॅमेरा, अशी वाटणी पूर्ण समाधानकारक असू शकते, आणि माझ्या मते बहुतेक चांगल्या उपकरणांची हीच योग्य जागा आहे. अशा वेळी ते साठवण्याची रीत तेवढी बदलावी. बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवण्याऐवजी साधारण अर्ध्यावर आणून उपकरण बंद करावे, थंड व कोरड्या जागी ठेवावे आणि काही महिन्यांनी पुन्हा अर्ध्यापर्यंत भरावे. साध्या सेलवर चालणारे असेल तर सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून आतले संपर्कबिंदू गंजतात.

कधीच लागणार नाही असे दिसले, तर ते लवकर विकावे किंवा कुणाला द्यावे, कारण बॅटरी वापराविनाही म्हातारी होत असते. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. कपाटात पडून राहिलेली छोटी उपकरणे नंतर बहुधा याच ढिगात मिसळतात. देण्यापूर्वी आधी आपल्या खात्यातून त्या उपकरणाची नोंदणी काढावी आणि मग फॅक्टरी रीसेट करावा, म्हणजे ते मूळ कोऱ्या स्थितीत आणावे, कारण नुसता रीसेट केल्यावर काही उपकरणे पुन्हा जुन्याच मालकाचा पासवर्ड मागत बसतात. मेमरी कार्ड काढून घ्यायलाही विसरू नये.